खाली बार, वर बिछाना: एका जुन्या इंग्रजी पबमधल्या शनिवार रात्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लंडनहून बाथकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं एक बाजारपेठेचं गाव. गावाच्या चौकात एक पब, आणि त्याच इमारतीत वरती हॉटेल. गावाचं नाव देत नाही, इमारतीचं देत नाही, आणि ती चालवणाऱ्या साखळीचंही देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी तिथे चार वर्षं डेप्युटी मॅनेजर होतो. प्रकरण २०१८च्या वसंतात सुरू झालं आणि पुढचं वर्ष संपत आलं तरी पुरतं संपलं नव्हतं.

आधी इमारत समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिच्यातच दडलं होतं. चौकाकडची भिंत जॉर्जियन, म्हणजे साधारण अठराव्या शतकातल्या धाटणीच्या विटांची, नीटनेटकी, उंच खिडक्यांची. आत शिरलं की कळतं, हा फक्त मुखवटा आहे. मागे त्याहून जुना ओकचा सांगाडा, वाकलेल्या तुळया आणि चालताना किंचित उताराला लागल्यासारख्या वाटणाऱ्या जमिनी. मधोमध एक उंच कमान, तिच्यातून आत फरसबंद अंगण. पुण्याच्या वाड्यात लहानपण गेलेल्या माणसाला ती कमान पाहून दिंडी दरवाजा आठवणारच. फक्त ती चार घोड्यांची गाडी, टपावरच्या उतारूंसकट आत यावी एवढी उंच.

१७८४च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल ते लंडन अशी पहिली टपालगाडी धावली. दुपारी चारला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडन, म्हणजे सोळा तास. एवढा वेग राखायचा तर वाटेत सारखे ताज्या दमाचे घोडे लागायचे, आणि ते पुरवणाऱ्या अशा सराया या रस्त्यावर होत्या. १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली आणि हा धंदा जवळजवळ एका रात्रीत बसला. तबेल्यांची गोदामं झाली. खाली बिअर आणि वर चार खोल्या, एवढ्यावर इमारत तगली. विसाव्या शतकात बराच काळ ती एका ब्रूअरीकडे, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीकडे होती. १९८९ मध्ये सरकारने दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रूअरींवर बंधनं आणली, त्यानंतरच्या उलथापालथीत ती या हातातून त्या हातात गेली. शेवटी आमच्या साखळीने घेतली आणि २०१७ मध्ये तिचा ‘रिफिट’ केला: नवा गालिचा, भिंतीलगत गादीचे बाक, नवी म्युझिक सिस्टीम. साखळीच्या इतर शाखांत असतं तेच, त्याच नकाशाने.

आवाजाच्या बाबतीत दोन तारखा महत्त्वाच्या आहेत. नवा परवाना कायदा २४ नोव्हेंबर २००५ला अमलात आला. तोवर इंग्लंडमधले बहुतेक पब रात्री अकराला बंद व्हायचे. घंटा वाजली, लास्ट ऑर्डर्स झाल्या, ग्लास रिकामे झाले की वरचा पाहुणा झोपायला मोकळा. नव्या कायद्यात वेळ ज्याच्या त्याच्या परवान्यावर आली. आमचा परवाना शुक्रवार-शनिवारी रात्री एकपर्यंतचा होता. दुसरी तारीख १ जुलै २००७. पबमध्ये सिगारेट ओढायला बंदी आली आणि ओढणारे सगळे अंगणात, म्हणजे मागच्या खोल्यांच्या खिडक्यांखाली गेले. भिंती जिथल्या तिथे राहिल्या, आवाज तेवढा रात्रीत पुढे सरकला आणि घरातून अंगणात आला.

खोल्या चौदा. त्यातल्या चौकाकडच्या पाच, एक ते पाच नंबरच्या, बरोब्बर बारच्या डोक्यावर. सगळ्यात देखण्या आणि सगळ्यात महाग त्याच.

अडचण

शनिवारी राहिलेले लोक रविवारी सकाळी काउंटरवर चावी ठेवायचे. मी विचारायचो, झोप कशी झाली? उत्तर ठरलेलं: “लव्हली, थँक यू.” मग मंगळवारी इंटरनेटवर चार परिच्छेद. पहाटे दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही, पुन्हा कधी पाऊल ठेवणार नाही, खाली पूर्ण नाव. इंग्रज माणूस तोंडावर तक्रार करत नाही, हे मला तिथे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. त्यामुळे काय नुकसान होतं, हे मात्र बऱ्याच उशिरा कळलं. तक्रार तीन दिवस शिळी होऊन यायची आणि तिच्यात ‘नॉइज’ एवढा एकच शब्द उरलेला असायचा. कुठला, कुठून, किती वाजता, काही नाही.

आम्ही रिफंड देत राहिलो. एका रात्रीपर्यंतचा रिफंड ड्युटी मॅनेजर स्वतःच्या अधिकारात देऊ शकायचा, आणि आम्ही तो चहा द्यावा इतक्या सहज द्यायचो.

इथे हिशेबाची एक गोष्ट सांगायला हवी. साखळीच्या साप्ताहिक ताळेबंदात दोन रकाने होते, ‘बार’ आणि ‘रूम्स’. शनिवारची कमाई बारच्या रकान्यात जायची आणि त्या कमाईमुळे दिलेला रिफंड रूम्सच्या. बार मॅनेजरचा बोनस पहिल्या रकान्यावर. त्याच्या दृष्टीने शनिवार झकास चालला होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला तसंच मोजायला सांगितलं होतं. एकच इमारत आम्ही एकाच रात्री दोघांना विकत होतो, एकाला जागायला आणि दुसऱ्याला झोपायला. या दोन विक्र्या एकमेकींना कुठे खातात, ते दाखवणारी ओळ कागदावर कुठेच नव्हती.

समोर असलेले पर्याय

एरिया मॅनेजर आला, तक्रारी वाचल्या, चौकाकडे पाहिलं. शनिवारी रात्री चौकात टॅक्सीची रांग, चिप्सच्या दुकानासमोर गर्दी, कोणीतरी गात असतंच. निदान झालं: खिडक्या. जुन्या, वर-खाली सरकणाऱ्या, एकेरी काचेच्या, आणि चौकटीतून वारा येईल इतक्या सैल.

तेव्हा टेबलावर आलेले पर्याय असे होते. खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवणं, हा एरिया मॅनेजरचा आवडता. जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी काच लावणं, तिला तिथे ‘सेकंडरी ग्लेझिंग’ म्हणतात. पाच खोल्यांच्या नऊ खिडक्यांचं कोटेशन पाच आकडी पौंडांत आलं. शुक्रवार-शनिवारी पुढच्या पाच खोल्या विकायच्याच नाहीत, हा माझा. यावर एरिया मॅनेजरने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दिवाळीत मिठाईचं दुकान बंद ठेवायला सांगतोय. बार बाराला बंद करणं, हा कोणाचाच नाही. आणि हेड ऑफिसचा: बुकिंगच्या पानावर ‘हा चैतन्यमय पब आहे’ अशी ओळ घाला आणि उशीवर इअरप्लग ठेवा, काही हॉटेलांत चॉकलेट ठेवतात तसे.

इअरप्लग लगेच आले, कारण ते सगळ्यात स्वस्त. दोन खोके. तक्रारी तशाच राहिल्या, फक्त आता त्यांत इअरप्लगचा उल्लेख येऊ लागला.

दुहेरी काचेच्या पर्यायावर थोडं थांबतो. इमारत ‘ग्रेड टू लिस्टेड’ होती. इंग्लंडमध्ये वारसा यादीतल्या दर दहा इमारतींपैकी नऊहून जास्त याच श्रेणीत असतात, म्हणून लोक ही श्रेणी फारशी मनावर घेत नाहीत. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे. तिथे श्रेणी दोनच्या इमारतीत आतल्या बदलांना बराच वाव असतो, आणि तीच समजूत घेऊन मी इकडे आलो होतो. ती चुकीची निघाली. इंग्लंडमध्ये इमारत यादीत आली की आतबाहेर सगळी येते: जिना, दारं, छताचा गिलावा, काचाही. १९९०च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तिच्या वैशिष्ट्याला बाधा येईल असा बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. जुन्या खिडक्या काढून नव्या बसवायला कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, होकार दिला असता असं वाटत नाही.

परवानगीच्या अर्जाला फी नसते आणि आठ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. मग अर्ज का करत नव्हतो? कारण साखळीच्या मालमत्ता विभागाला ते नको होतं. मागच्या बाजूच्या चार खिडक्या पूर्वीच्या कोणा मालकाने प्लास्टिकच्या करून ठेवल्या होत्या, बहुधा कोणालाही न विचारता. कौन्सिलचा माणूस पुढच्या खिडक्या बघायला आला तर मागच्याही बघणार. “कशाला नसती पीडा ओढवून घ्यायची,” असा फोनवरचा सूर. शिवाय अशा बेकायदा बदलांवरच्या कारवाईला मुदतच नसते. चाळीस वर्षांपूर्वी कोणी केलेलं असलं तरी नोटीस आजच्या मालकाच्या दारात येते. त्यांची भीती खोटी नव्हती.

आणि या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारला नव्हता: आवाज खरंच खिडकीतून येतोय का?

काकूंचं उखळ

जूनमध्ये नागपूरचं एक जोडपं आलं. मुलगा जवळच्या शहरात नोकरीला, त्याच्या वन-रूममध्ये जागा नाही, म्हणून हे दोन रात्री आमच्याकडे. आडनाव बघून मी मराठीत बोललो आणि खोली नंबर चार दिली, सगळ्यात छान म्हणून. रविवारी सकाळी काकू नाश्त्याला उतरल्या, त्या थेट माझ्याकडेच आल्या.

“अरे बाळा, खोली सुंदर आहे हो तुमची. पण रात्रभर खाली कोणी उखळात कांडत होतं का रे?”

मी म्हटलं, चौकात शनिवारी जरा दंगा असतोच.

“चौकात नाही रे. तो वेगळा, तो कानाने ऐकू येतो. हे पलंगातून येत होतं. लाकडाला हात लाव, कळेल तुला.”

काकांनी मान डोलावली. “मी तर उशी काढून टाकली. उशीतून जास्त कळत होतं.”

इतक्या महिन्यांच्या तक्रारींतून जे हाती लागलं नव्हतं, ते या तीन वाक्यांत होतं. त्याच दिवशी मी रात्रपाळीच्या पोर्टरला विचारलं. साठीचा माणूस, इमारतीत सगळ्यांत जुना. तो शांतपणे म्हणाला, “टॅक्स्या गुरुवारीही असतात. गुरुवारी कोणी तक्रार करत नाही. गुरुवारी खाली म्युझिक नसतं.” मी म्हटलं, मग आधी का नाही बोललास? “कोणी विचारलंच नाही.”

काय केलं

पुढच्या शनिवारी दोन आणि चार नंबरच्या खोल्या विक्रीतून काढल्या. दोनमध्ये जनरल मॅनेजर बाई झोपल्या, चारमध्ये मी. म्हणजे आडवे झालो. साडेअकराला माझ्या उशाशी ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. कपाटातला लोखंडी हँगर शेजारच्या हँगरला ठेक्यात टिकटिक लागत होता. गाणं ओळखू येत नव्हतं, फक्त त्याचा ठोका वर येत होता. एकला म्युझिक थांबलं, मला वाटलं सुटलो. एक वाजून वीस मिनिटांनी कोणीतरी अंगणात क्रेट उलटा करून रिकाम्या बाटल्या काचेच्या कचऱ्यासाठीच्या डब्यात ओतल्या. मग पुन्हा. मग पुन्हा. ते काम रोज रात्री माझ्याच सांगण्यावरून व्हायचं. सकाळच्या शिफ्टला बार स्वच्छ मिळावा म्हणून मीच ती यादी केली होती. पावणेदोनला स्टुलं ओढली गेली, प्रत्येकाचा वेगळा आवाज.

सोमवारी दुपारी तीनला, खोल्या रिकाम्या असताना, बार मॅनेजरला शनिवारच्या पातळीवर म्युझिक लावायला सांगितलं. मी चार नंबरमध्ये फोन कानाला लावून उभा. तो खाली एकेक स्पीकर बंद करत गेला. छताजवळचे सहा बंद झाले, फरक नाही. मग म्हणाला, आता बाकाखालचा. बंद केला, आणि माझ्या पायाखालची जमीन गप्प झाली. रिफिटच्या नकाशात खर्जाचा मोठा खोका, सबवूफर, भिंतीलगतच्या गादीच्या बाकाखाली दाखवलेला होता, आणि कंत्राटदाराने तो तसाच आणून मागच्या लाकडी खांबाला स्क्रूने आवळला होता. नव्या काँक्रीटच्या शाखांत याने काही बिघडलं नसतं. इथे तोच खांब वर चार नंबरच्या जमिनीची तुळई उचलून धरत होता.

मग ध्वनितज्ज्ञ बोलावला. रात्री झोपायच्या खोलीत सरासरी तीस डेसिबल आणि अधूनमधून होणारे आवाज पंचेचाळीसच्या आत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनातला दंडक. तीसचा आकडा ब्रिटिश मानकातही आहे. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला तोवर माहीत नव्हती. रोजच्या वापरातलं डेसिबलचं मोजमाप माणसाच्या कानाला जुळवलेलं असतं, म्हणून ते खर्जाला कमी धरतं. मीटरवर आकडा सभ्य दिसतो आणि पलंग मात्र हलत असतो. आणि खर्ज काचेने फारसा अडत नाही. म्हणजे नऊ खिडक्यांना पाच आकडी पौंड घातले असते तरी काकूंचं उखळ चालूच राहिलं असतं.

खोका खांबावरून सोडवून रबराच्या पायांवर, दुसऱ्या भिंतीकडे हलवला. खर्जावर मर्यादा घातली. बाटल्या सकाळी नऊनंतर ओतायच्या ठरल्या. स्टुलांना फेल्टच्या टोप्या. सगळा खर्च एका शनिवारच्या रिफंडांइतका.

*वळणाचा दिवस.* ठोका गेला, पण चार आणि पाचमध्ये अजून माणसांची बोलणी ऐकू येत होती, तीही न्हाणीघराजवळ उभं राहिलं की शब्द न् शब्द. एका गुरुवारी संध्याकाळी देखभालीच्या माणसाने तिथली फळी उचलली. इंग्लंडमधल्या काही जुन्या घरांत दोन मजल्यांच्या मधल्या पोकळीत राख, वाळू, चुन्याचा चुरा असं जड काहीतरी भरलेलं असतं. त्याला ‘पगिंग’ म्हणतात, आणि आवाज मारायला ते फार चांगलं. फळीखाली डाव्या हाताला ते होतं: करड्या राखेचा थर, त्यात कोळशाचे खडे, एक मातीच्या चिलमीचा तुटका दांडा. उजव्या हाताला रिकामं. १९८०च्या दशकात खोल्यांना न्हाणीघरं जोडली तेव्हा नळ घालायला ते उपसून टाकलेलं. नळ जिथून खाली जात होते, तिथे गिलाव्याला मुठीएवढी भोकं. मी गुडघ्यावर बसून वाकलो, तर एका भोकातून बारच्या दिव्याचा उजेड दिसला.

आवाज जिथून येतो तिथून धूरही येतो. आगीच्या सुरक्षेचा २००५चा आदेश इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्यात जागेची जबाबदारी ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’वर असते, आणि आगीच्या धोक्याचा अहवाल आमच्याकडे होता. पण तो फळ्या न उचलता, नजरेने केलेला. दोन मजल्यांमधली जमीन धड आहे असं त्यात गृहीत धरलं होतं.

त्या रात्री पाचही खोल्यांत पाहुणे होते. दोघांनी सामान लावलं होतं, तिघं येण्याच्या वाटेवर. गाव भरलेलं. मी त्या रात्री खोल्या बंद केल्या नाहीत. बार अकराला बंद केला, स्वयंपाकघर नऊला, पोर्टरला दर अर्ध्या तासाने फेरी मारायला लावली आणि स्वतः जिन्यात खुर्ची टाकून बसलो. सकाळी जनरल मॅनेजर बाईंनी पाचही खोल्या बंद केल्या आणि मला एवढंच विचारलं, “रात्री फोन का नाही केलास?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटलं होतं, सकाळपर्यंत निभेल.

यानंतर पैशाची गंमत बघा. आवाजासाठी मागितलेला पैसा दीड महिना कुठल्यातरी मंजुरीत पडून होता. धुराचं नाव काढल्यावर चार दिवसांत मिळाला. दुरुस्ती तीच, भोकंही तीच.

आणि आता कौन्सिलला विचारण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण जमीन उघडायची होती. कौन्सिलची वारसा अधिकारी आली, रबरी बूट घालून, एकटीच. राख-चुन्याचा भराव होता तसाच पुन्हा भरणं आणि भोकं योग्य सामग्रीने बुजवणं याला तिचा आक्षेप नव्हता. त्याचं लेखी वर्णन मात्र तिने मागितलं. खिडक्यांपाशी ती बराच वेळ थांबली. काचेतून चौकातली टॅक्सी किंचित लहरत होती, ते दाखवून म्हणाली, ही काच आता मिळत नाही. मग खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी पॅनेलवर बोटाने टकटक केलं. ते पॅनेल नव्हतंच. घडी घालून कोनाड्यात बसवलेल्या मूळच्या लाकडी झडपा होत्या, रंगाच्या अनेक थरांखाली चिकटलेल्या. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सुताराने दोन दिवस खपून चार आणि पाचमधल्या सोडवल्या. रात्री झडपा आणि त्यावर जाड पडदा, एवढ्यात चौकाचा आवाज बराच उतरतो. उरलेल्या तीन खोल्यांतल्या झडपा कधीच्या गेलेल्या होत्या. तिथे सेकंडरी ग्लेझिंगला परवानगी मिळाली, जुन्या आणि नव्या काचेत शंभर मिलिमीटरहून जास्त अंतर ठेवून. अंतर जितकं जास्त तितका आवाज कमी, म्हणून.

मागच्या प्लास्टिकच्या खिडक्या तिने अर्थातच पाहिल्या. नोटीस काढली नाही. टप्प्याटप्प्याने लाकडी बसवू, असं पत्र साखळीकडून घेतलं.

निष्पत्ती

पाच खोल्या सात आठवडे बंद राहिल्या, आणि तेही उन्हाळ्यात. उघडल्यानंतर शनिवारच्या तक्रारी संपल्या नाहीत, पण पूर्वी दर आठवड्याला तीन-चार यायच्या त्या महिन्याला एकदोनवर आल्या. ज्या यायच्या त्या बहुतेक अंगणातल्या सिगारेटवाल्यांच्या, म्हणजे मागच्या खोल्यांच्या. त्यांच्यासाठी अकरानंतर अंगणाचा आतला भाग दोरी लावून बंद करायचो. दोरी ओलांडणं अवघड नव्हतं.

बारला फटका बसला. खर्ज कमी झाल्यावर शनिवारी येणारा तरुणांचा एक मोठा घोळका रस्त्यापलीकडच्या ठिकाणी गेला. बार मॅनेजर नाराज होता. तो वर्षअखेरीला सोडून गेला. कारण दुसरं सांगितलं, पण हेही त्यात असणार. रिफंडाचा अर्धा भार बारच्या रकान्यात टाकायला हेड ऑफिस तयार झालं, पण पुढच्या आर्थिक वर्षापासून आणि फक्त आमच्या शाखेपुरतं. आधी झालं असतं, तर बार मॅनेजरने तो खोका स्वतःच हलवला असता.

चार नंबरची खोली त्यानंतर शनिवारी थोड्या कमी दराने जायची आणि बुकिंग करतानाच सांगायचो, खाली पब आहे, एकपर्यंत जाग असते. ‘चैतन्यमय’ शब्द काढून टाकला.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्या पाच तक्रारींनंतर त्या खोलीत जाऊन झोपलो असतो. याला कोणाची मंजुरी लागत नव्हती आणि खर्च शून्य होता. तरी आम्ही आधी कोटेशन मागवलं, कारण कोटेशन मागवलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

दुसरं, कौन्सिलला आधी विचारलं असतं. न्हाणीघरं जोडताना केलेल्या कामाचे नकाशे कौन्सिलच्या दप्तरात होते. कोणत्या फळ्या उचलल्या होत्या ते त्यात स्पष्ट दिसत होतं. हे आम्हाला वारसा अधिकारीणबाईंनी, काम अर्धं झाल्यावर, सहज बोलता बोलता सांगितलं. प्लास्टिकच्या चार खिडक्या झाकण्याच्या नादात आम्ही ज्या दारावर जायचं टाळत होतो, नेमका तोच कागद त्या दारामागे होता. मालमत्ता विभागाचं म्हणणं मला आजही समजतं. तोपर्यंत कोणाला भोकांची कल्पना नव्हती, आणि नोटिसीचा धोका खरा होता. पण ज्या इमारतीत माणसं झोपतात तिच्याबद्दल शंका असेल तर मी आता दुसऱ्या बाजूला झुकेन.

तिसरं म्हणजे तो गुरुवार. पाच पाहुण्यांना दुसरीकडे जागा मिळाली नसती हे खरं, पण मी एकही फोन करून पाहिला नव्हता. मागच्या बाजूला दोन खोल्या रिकाम्या होत्या. दोघं तरी तिकडे हलले असते.

मी ती शाखा सोडून दुसऱ्या गावी गेलो. गेल्या वर्षी पोर्टरचा निवृत्तीचा समारंभ होता म्हणून परत गेलो होतो. नव्या जनरल मॅनेजरने ऑफिसात बसवलं, चहा दिला आणि पुढच्या रिफिटचा नकाशा टेबलावर पसरला. नवा गालिचा, नवे दिवे, भिंतीलगत तेच गादीचे बाक. मी बाकाच्या रेषेवरून बोट फिरवत गेलो. मागच्या खांबाशी, बाकाखाली, एक छोटा चौकोन काढलेला होता. मी त्याच्याकडे लाल पेन मागितलं.